वाचलं आणि मान्य आहे

माझी ताई डूख धरते. हे मी तिची बदनामी म्हणून सांगत नाही, कौतुक म्हणून सांगते. मी स्वतः चिडकी. चटकन भडकते, चटकन विझते आणि शाळेत भूगोल शिकवताना रोज एकदा तरी डस्टर आपटते. ताईचं तसं नाही. लहानपणी आत्याच्या मुलाने तिची कंपासपेटी ढापली आणि वर ‘माझीच आहे’ म्हणून घरभर मिरवली. ताई मूग गिळून बसली. पुढे त्याचं लग्न झालं, तेव्हा तिने सगळ्यांदेखत त्याच्या हातात भेट ठेवली. रंगीत कागदात गुंडाळलेली कोरी कंपासपेटी. त्याच्या बायकोला काही कळलं नाही, पण तो कानापर्यंत लाल झाला. ताईची ही पद्धत लक्षात ठेवा. ती हिसकावून घेत नाही. ती देते.

ताई कर्करोगाच्या इस्पितळात पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे कापून काढलेल्या गाठीचा पातळ काप काचेवर चढवून तिच्याकडे येतो, तो ती सूक्ष्मदर्शकाखाली बघते आणि गाठ कसली आहे ते लिहून देते. तिची खोली तळमजल्यावर आहे. खिडकीबाहेर ऑक्सिजनच्या सिलिंडरांची रांग आणि आत वितळलेल्या मेणाचा आणि गाठी टिकवणाऱ्या फॉर्मलिनचा वास. पेशंट तिला ओळखत नाहीत, तीही त्यांना चेहऱ्याने ओळखत नाही. पण एखादी गाठ मात्र तिला वर्षानुवर्षं आठवते.

तिच्या विभागाचे प्रमुख म्हणजे मोठे सर. आम्ही घरात त्यांना ‘शिक्का’ म्हणतो. इस्पितळाचा नियम असा, की प्रमुखांच्या सहीशिवाय एकही शोधनिबंध बाहेर जायचा नाही. आणि सरांचा नियम असा, की सही हवी असेल तर लेखकांमध्ये शेवटचं नाव त्यांचं हवं. शोधनिबंधात पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं मानाचं. काम कोणी का करेना, आयत्या बिळावर हे नागोबा ठरलेले. लेख ते वाचत नसत. शीर्षक बघत, स्वतःचं नाव नीट लिहिलंय ना ते बघत आणि सही ठोकत.

आमचे बाबा गेले तेव्हा ताई रजेवर होती. अगदी लहान, डोळ्याला न दिसणाऱ्या गाठींवर तिने कित्येक वर्षं काम केलं होतं आणि तिचा लेख तयार होऊन सरांच्या टेबलावर पडला होता. ती परत कामावर गेली, तोवर लेख छापून आला होता. पहिलं नाव सरांच्या जावयाचं. जावई तेव्हा नुकताच विभागात चिकटला होता. ताईचं नाव लेखकांमध्ये नव्हतंच. ते सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, आभारांमध्ये होतं: टंकलेखनातल्या मदतीबद्दल. ताई आजही दोन बोटांनी टाइप करते. आईला मी ते वाचून दाखवलं, तेव्हा आईने सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी इस्पितळात जाऊन तमाशा करायला निघाले होते. ताईने चप्पल घातलेल्या मला दारातून ओढून आत आणलं आणि म्हणाली, ‘राहू दे. घाई नाहीये.’

सरांचं मोठं नाव होतं ते त्यांच्या स्कोअरमुळे. स्तनातली गाठ काढली, की तिच्या पेशी तपासून एक आकडा काढायचा. आकडा कमी आला तर पुढे किमोची गरज नाही. या स्कोअरने कितीतरी बायकांचा त्रास वाचवला. हे खरं आहे आणि ते लिहिताना मला त्रास होतो.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचा स्कोअर कमी आला होता. वय जेमतेम पस्तीस. त्या दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना आइस्क्रीम दिलं आणि मुख्याध्यापकांच्या कपाळाला चुकून नाही, मुद्दाम चॉकलेट लावलं. पुढच्या वर्षी त्यांची पाठ दुखायला लागली. हाडात उतरलेल्या गाठीचा तुकडा तपासायला आला तो ताईच्या टेबलावर. चिठ्ठीवरचं नाव तिने माझ्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. तिने बाईंच्या पहिल्या गाठीचे जुने काप शोधून काढले आणि दोन्ही शेजारी ठेवून बघितले. घरी आली तेव्हा तिने डबासुद्धा पिशवीतून बाहेर काढला नाही. पहिल्याच गाठीत धोका दिसत होता, असं तिने सांगितलं. पण तरुण बायकांमध्ये तो जिथे दिसतो, ते सरांचा स्कोअर मोजतच नाही.

मग तिने चाळिशीच्या आतल्या सगळ्या जुन्या पेशंटचे काप मागवले. एकटीने बघितले, पुढे कोणाचं काय झालं ते फायलींतून काढलं. निष्कर्ष सरळ होता. चाळिशीच्या आत हा स्कोअर बिनकामाचा. कमी आला म्हणून बिनधास्त राहिलेल्या बायकाच परत येत होत्या. मी तिला विचारलं, की हे तू बाईंसाठी करते आहेस की शिक्क्याचं उट्टं काढायला. ती म्हणाली, ‘दोन्हीसाठी. एकाच कामात होतंय तर दोनदा कशाला राबू?’

पण लेख सरांच्या सहीशिवाय बाहेर जाणार नव्हता. आणि सरांनी तो वाचला असता तर तो कधीच बाहेर गेला नसता. आधी एका तरुण डॉक्टराने स्कोअरबद्दल नुसती शंका काढली होती, तर त्याची रवानगी रक्तपेढीत झाली आणि त्याचे काप कुलपात गेले. म्हणजे सगळं एवढ्यावरच अडलेलं, की सर वाचतात की नाही. मी सुचवलं, की त्यांच्यासमोर दुसराच काहीतरी कागद सरकवून सही घे. ‘चोरी तो करतो,’ ताई म्हणाली. ‘मी त्याच्या पुढ्यात सगळं ठेवणार. वाचायचं का नाही, ते त्याने ठरवायचं.’

लेख आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिला गेला. तो जिथे पाठवायचा होता, त्या कर्करोगाच्या जर्नलचे नखरे नव्या नवरीला लाजवतील असे. छायाचित्रं इतकीच स्पष्ट हवीत, गोषवारा एवढ्याच शब्दांत हवा, संदर्भात आधी आडनाव आणि मग आद्याक्षर, त्यात टिंब नको. संदर्भ मी टाइप केले. आभारात जावयाचं नाव टंकलेखनासाठी घालू या, असा माझा फार आग्रह होता. ताई म्हणाली, त्याला तेही येत नाही आणि लेखात खोटं लिहायचं नसतं. शीर्षक तिने साधं ठेवलं: चाळिशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये या स्कोअरची पडताळणी. खोटं काहीच नाही. फक्त ज्याला आपल्या गळ्यात हारच पडायची सवय आहे, त्याला त्यातही हारच दिसावा.

छापील प्रत घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. निष्कर्ष पहिल्याच पानावर होता, ठळक अक्षरात. सर कुठल्याशा परिषदेत कोणी कुठे बसायचं, त्याचा नकाशा बघत होते. शीर्षकात स्कोअरचं नाव बघून त्यांचा चेहरा खुलला. ताईने स्पष्ट सांगितलं, की सर, निष्कर्ष एकदा वाचा, आजवर आपण म्हणत आलो त्याहून तो वेगळा आहे. सर म्हणाले, त्यांचा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. मग सही करता करता त्यांनी एकच प्रश्न विचारला, जावईबापूंचं नाव घातलंय ना. घातलेलं नव्हतं. ताईने तिथेच पेनाने घातलं आणि जावयालाही एक प्रत नेऊन दिली.

जर्नलकडे लेख पाठवला, की प्रत्येक लेखकाला वेगळा ईमेल जातो. त्यात प्रश्न असतो: तुम्ही हा लेख पूर्ण वाचला आहे का आणि त्यातले निष्कर्ष तुम्हाला मान्य आहेत का? खाली बटण. ते दोन दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. ताई मात्र नेहमीसारखी झोपत होती, जेवत होती. आम्ही जेवायला बसलेलो असतानाच तिच्या फोनवर निरोप आला, की सर्व लेखकांनी मान्यता कळवली आहे. आईला मी अर्थ समजावून सांगितला. आईने न विचारता ताईच्या ताटात परत वाढलं.

छापण्याआधी जर्नल लेख बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतं. या परीक्षकांची मतं यायला बरेच महिने लागले. त्या मधल्या काळात चित्रकलेच्या बाई गेल्या. त्यांच्या ब्रशांचा डबा अजून शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटावर आहे, कोणाच्याने तो उचलवत नाही. ताई अंत्ययात्रेला आली होती. स्वतःच्या खोलीबाहेर एखाद्या पेशंटसमोर मी तिला पहिल्यांदाच बघितलं. परत येताना मला कळलं, की आता ही कोणाचंच ऐकणार नाही.

मग परीक्षकांची मतं आली. त्यातला एक परीक्षक खमक्या निघाला. त्याने लिहिलं होतं, की ज्यांनी हा स्कोअर शोधला तेच या लेखाचे शेवटचे लेखक आहेत, तर त्यांचं यावर म्हणणं काय ते लेखात स्पष्ट यावं. मला वाटलं, संपलं. ताईने शांतपणे एक वाक्य लिहिलं: या स्कोअरच्या जनकांसह सर्व लेखकांचं असं ठाम मत आहे, की चाळिशीच्या आतल्या स्त्रियांसाठी तो वापरू नये. ते वाक्य जसंच्या तसं तिने सरांच्या फोनवर पाठवलं आणि खाली विचारलं, की परीक्षकाने तुमचं मत मागितलंय, हे घातलं तर चालेल का. सर विमानतळावर होते. तिकडून लगेच उत्तर आलं. एक अंगठा.

लेख छापून आला त्या आठवड्यात परदेशातून कोणीतरी सरांना फोन करून त्यांच्या धैर्याचं कौतुक केलं. कसलं धैर्य, ते सरांना कळेना. मग त्यांनी लेख उघडला. पुढचं मला ताईने सांगितलं, आणि ती सांगते तेव्हा त्यात मीठमसाला नसतो.

सरांनी तिला बोलावलं आणि दार लावून घेतलं. लेख टेबलावर होता.

‘मला अंधारात ठेवून हे केलंत तुम्ही.’

‘पहिलं पान तुमच्या हातात दिलं होतं, सर. वाचलं आणि मान्य आहे, असं तुम्हीच दोनदा कळवलंय.’

‘ताबडतोब मागे घ्या हा लेख.’

‘घेते,’ ताई म्हणाली. ‘जर्नल कारण विचारेल. काय लिहू? तुम्ही वाचला नव्हता, असं लिहू?’

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वाचला नव्हता म्हणावं, तर आजवर ज्या शेकडो लेखांवर शिक्का मारला त्या सगळ्यांची चौकशी. वाचला होता म्हणावं, तर स्कोअर गेला. ताई उभीच होती, त्यांनी तिला बसा म्हटलं नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून पुन्हा कोणीतरी अभिनंदन करत असावं. सर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, ‘हो, हो. मीच म्हटलं, खरं असेल ते छापा.’ ताई दार उघडून बाहेर आली आणि कामाला लागली.

आता गंमत बघा. इस्पितळाने नियम बदलला. चाळिशीच्या आतल्या बाईला आता कोणी तो स्कोअर दाखवून घरी पाठवत नाही. हे झालं चांगलं. पण सर बुडाले का? छे. स्वतःची चूक स्वतः जगाला सांगणारा थोर शास्त्रज्ञ म्हणून त्यांचा सत्कार ठरला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताईला म्हटलं, हे कसलं उट्टं, तू तर त्याला आणखी एक हार घातलास. ती म्हणाली, ‘पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या मागून घेतल्यात. साडी इस्त्री कर.’

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर सरांच्या शेजारी जर्नलचे संपादक बसले होते आणि जावई आमच्याच रांगेत, पलीकडच्या टोकाला. सर बोलायला उभे राहिले. आपण प्रत्येक लेख अक्षरन् अक्षर वाचतो, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, की तरुण स्त्रियांच्या बाबतीत माझा स्कोअर चुकीचा होता. टाळ्या पडल्या. ताईनेही वाजवल्या, अगदी मनापासून. माझ्या कानाशी लागून म्हणाली, ‘हे वाक्य आता त्याला जन्मभर म्हणावं लागणार.’

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तिने हात वर केला. माईक तिच्याकडे आला.

‘सर, ही चूक पहिल्यांदा तुमच्या लक्षात कधी आली?’

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले नाहीत, खाली ठेवला. खोटी तारीख सांगावी, तर त्या तारखेनंतर ज्या बायकांना घरी पाठवलं त्यांचा हिशेब कोणीही मागितला असता. संपादक मान वळवून त्यांच्याकडे बघत होते. सरांनी ताईकडे बघितलं. ती माईक धरून उभी होती, चेहऱ्यावर नुसता आदर.

‘माझ्या लक्षात आली नाही,’ सर म्हणाले. ‘यांच्या आली.’ आणि त्यांनी ताईचं नाव घेतलं. सगळं, बाबांच्या नावासकट. ‘हे काम यांचं आहे.’

जावई बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

घरी आई जागीच होती. मी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, माईक धरायची नक्कलसुद्धा करून दाखवली. बाबांचं नाव घेतलं म्हटल्यावर आईने पदर डोळ्यांना लावला. मग नाक पुसून विचारलं, ‘त्या टंकलेखनाबद्दल काही बोलला का?’

‘नाही,’ ताई म्हणाली.

‘मग बसलीस काय? आणखी एक लिही.’

‘घेतलाय लिहायला. त्या लहान गाठींचे माझे काप, तारखा-नोंदींसकट, अजून माझ्याच कपाटात आहेत.’

मी म्हटलं, आता तो शहाणा झालाय, आता प्रत्येक ओळ वाचेल. ताईने लॅपटॉप उघडला आणि दोन बोटांनी टाइप करायला लागली.

‘वाचू दे की,’ ती म्हणाली. ‘हा त्याने वाचावा म्हणूनच लिहितेय.’