दोन आखूड बोल्ट

त्याचं खरं आडनाव एका पोस्टमनला तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळी गल्ली त्याला ‘एकवळणे’ म्हणायची, आणि हे आडनाव त्यानं स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं. काचेच्या दुकानाचा माल पोचवायचा तो. गाडी म्हणजे जुनी स्टेशन वॅगन, मागे सपाट, लांबलचक, अख्खं बिऱ्हाड मावेल एवढी. दुकान गल्लीच्या टोकाला, आणि त्यापुढे भिंत. तिथवर आलेला टेम्पोवाला चार वेळा मागेपुढे करून आणि दोन वेळा शिव्या खाऊन मग बाहेर पडायचा. एकवळणे मात्र स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवायचा, आणि ते धूड एका दमात तोंड फिरवून उभं राहायचं. समोरच्या न्हाव्याची गिऱ्हाइकं गालाचा फेस तसाच ठेवून दारात बघायला यायची.

यात जादू काही नव्हती. जुन्या वॅगनला इंजिनाचा जोर मिळतो तो मागच्या चाकांत. पुढच्या चाकांनी ओढायचं नाही, नुसतं वळायचं. त्यामुळे त्यांच्या वाटेत ओढणारा दांडा येत नाही आणि ती पार आडवी होतात. नव्या आखूड गाड्यांना जे जमत नाही, ते या म्हातारीला जमतं ते एवढ्यासाठी. पण हे लोकांना कोण सांगणार?

“हातात कला आहे बुवा,” न्हावी म्हणायचा.

“कसलं काय,” म्हणत एकवळणे मान खाली घालायचा. ती मान विनयानं खाली जात नव्हती, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

मग एका वर्षी भिंतीलगत पाण्याची टाकी बसली आणि वळायला वीतभर जागा कमी पडली. पहिल्याच दिवशी त्याला रिव्हर्स घ्यावा लागला. न्हावी हसला, फार नाही, मिशीतल्या मिशीत. त्या रविवारी एकवळणे गाडीखाली शिरला. पुढच्या चाकानं कुठवर वळायचं याची हद्द घालणारे दोन बोल्ट असतात, दोन बाजूंना एकेक. ते काढून त्यानं आखूड बोल्ट बसवले. सोमवारी गाडी पुन्हा एका दमात वळली. पण हद्द मोडली की काहीतरी घासतंच. पूर्ण वळलेला टायर आता ब्रेकच्या रबरी नळीला चाटून जायला लागला. त्यानं नळी तारेनं बाजूला बांधली. दर रविवारी खाली शिरून बघायचा, झिजली की गुपचूप बदलायचा. मूळचे लांब बोल्ट एका पत्र्याच्या डब्यात ठेवून दिले. गॅरेजवाल्याला बोलला नाही आणि बहिणीलाही नाही.

ही बहीण त्याच्याहून नऊ वर्षांनी धाकटी. नवरा लवकर गेलेला, पदरात एक लहानगी. एकवळणेनंच तिला दुकानात लावलं होतं. गाडीत मागच्या बाजूला मोठाले आरसे घोंगड्यांत गुंडाळून ठेवले की ती त्यांच्याकडे पाठमोरी बसून एका हातानं आधार द्यायची. गाडी वळताना आरसा कुठे कलंडणार, हे तिला आधीच कळायचं. पुढे एकवळणेच्या कमरेनं दगा दिला. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं, तेव्हा त्यानंच दुकानदाराला सांगितलं, “धाकटीला द्या. तिला येतं.”

आणि त्यानं तिला खरोखर मन लावून शिकवलं. थंडीत क्लच कसा सोडायचा, भरलेल्या गाडीनं उतार कसा उतरायचा, काच असताना खड्ड्यात चाक तिरपं कसं घालायचं. फक्त नळीचं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. महिनाभर तो स्वतःच खाली शिरून बघत राहिला, दुखरी कंबर धरून.

एका सकाळी तिनं गल्लीच्या टोकाला गाडी वळवली ती अशी, की टाकीला तिचा वारासुद्धा लागला नाही. न्हाव्यानं कात्री खाली ठेवली.

“एकवळणे, तुमची बहीण तुमच्या वरचढ निघाली की हो!”

सगळे हसले, एकवळणेही हसला. ती खिडकीतून ओरडली, “दादा, बघितलंस ना?” त्यानं हात वर केला. पण घरी जाताना त्याच्या मनात काहीतरी टोचत होतं. हिला आता बोल्टाचं सांगायचं, म्हणजे आपली इतक्या वर्षांची कला ही दोन बोल्टांची कला होती, असं आपल्याच तोंडानं सांगायचं. त्या रविवारी तो गाडीखाली शिरला नाही. कंबर दुखत होती, हेही खरंच होतं. पण पुढच्याही रविवारी तो शिरला नाही. ती कंबर होती की दुसरं काही, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पाचव्या आठवड्यात, भर सकाळी, दोन मोठे आरसे घेऊन ती शाळेच्या उतारावरून येत होती. तिनं ब्रेक दाबला तो थेट तळाशी गेला. जुनी गाडी, चारही चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच वाटेनं जाणारं. एक नळी फुटली की सगळं संपलं. खाली रस्ता ओलांडणाऱ्या पोरांची रांग होती. तिनं हँडब्रेक ओढला, उरलेल्या वेगासकट स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडी बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली. पोरांच्या अंगाला ओरखडा नाही. आरशांचा चुरा झाला आणि तिचं मनगट मोडलं. असं वळण एकवळणेनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं.

पण हे बघायला तिथं न्हावी नव्हता. जे होते ते म्हणाले, “बाईच्या हातात एवढी लांब गाडी द्यायचीच कशाला?” कुणी म्हणालं, “घाबरून ब्रेकऐवजी क्लच दाबला असणार.” दुसरा म्हणाला, “आता ब्रेकला नावं ठेवतेय. नाचता येईना, अंगण वाकडं.” संध्याकाळपर्यंत गल्लीचं एकमत झालं.

दुकानदार भला माणूस. त्यानं एकवळणेलाच विचारलं, “तू तिला शिकवलंस. तुला काय वाटतं, क्लच दाबला असेल?”

“असेल,” एकवळणे म्हणाला.

एवढा एकच शब्द. तिसऱ्या दिवशी, गॅरेजवाल्यानं गाडीखाली डोकं घालायच्या आत, त्यानं दुकानदाराला पटवून वॅगन भंगारात काढायला लावली.

दवाखान्यात प्लास्टरमधला हात छातीशी धरून ती म्हणाली, “दादा, मी ब्रेकच दाबला होता रे. शपथ.” तो तिची उशी नीट करत राहिला. महिन्यानं म्हणाली, “ब्रेकच होता, असं वाटतंय.” सहा महिन्यांनी म्हणाली, “क्लचच असेल. सगळे म्हणतात म्हणजे काय उगाच?” त्या दिवशीसुद्धा त्याला बोलता आलं असतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. पण इथे ते फुटलंच नाही.

चौदा वर्षं गेली. दुकानदारानं तिला मागच्या खोलीत फ्रेमच्या पाठीला कागद चिकटवायला बसवलं होतं, ती अजून तेच करत होती. कुणाच्याही गाडीत ती मागेच बसायची. लहानगी आता वीस वर्षांची झाली होती, आणि तिला कुरिअरच्या व्हॅनवर काम मिळत होतं. फक्त लायसन्स हवं होतं. एक दिवस भाची मामाकडे रडत आली.

“आई नाही म्हणते. म्हणते, आपल्या हातात ते नाहीच. तुझ्यातही माझंच रक्त आहे, कुणाचा तरी जीव घेशील.”

एकवळणेनं ते ऐकून घेतलं. मग माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला.

बहीण ओट्याशी भांडी विसळत होती. त्यानं टेबलावर दोन लांब बोल्ट ठेवले आणि सगळं सांगितलं. पाण्याची टाकी, आखूड बोल्ट, तारेनं बांधलेली नळी, न्हाव्याचं वाक्य, न शिरलेले रविवार, दुकानदारापुढचं ते ‘असेल’. “तू ब्रेकच दाबला होतास,” तो म्हणाला. “तुझ्यासारखा हात मी दुसरा बघितला नाही. मी जळलो गं तुझ्यावर.”

तिनं पदराला हात पुसले. एक बोल्ट उचलून उलटसुलट पाहिला.

“हा कुठल्याही गाडीचा असतो रे दादा.”

“आपल्या वॅगनचा आहे. खरं सांगतोय.”

“पोरीनं पाठवलं ना तुला?” ती हसली, लहान मुलाची लबाडी पकडल्यासारखी. “तिला लायसन्स हवंय म्हणून हे सगळं रचलंस. वॅगन नाही, गॅरेजवाला वारला, आता कोण खोटं ठरवणार?”

“अगं, पण मी कशाला खोटं बोलेन?”

“माझ्यासाठी.” ती त्याच्या शेजारी बसली. तिच्या डाव्या मनगटाचं हाड अजून जरा वाकडंच होतं. त्याच हातानं तिनं त्याची पाठ थोपटली. “तेव्हाही तूच माझ्यामागे उभा राहिलास. दुकानदाराला सांगून नोकरी टिकवलीस. एक शब्द कधी टाकून बोलला नाहीस. चूक माझी होती, मी ती कधीच कबूल केलीय. आता या वयात ती स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस.”

त्यानं दुसरा बोल्टही तिच्यापुढे सरकवला. बैल गेला आणि झोपा केला, तसं झालं होतं त्याचं.

तिनं दोन्ही बोल्ट डब्यात ठेवले, झाकण दाबून लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

“फार चांगला आहेस रे तू, दादा,” ती म्हणाली, आणि उरलेली भांडी विसळायला उठली.