रक्तदात्यांची साइट आणि माझी कोंडी

मंडळी, मगाशीच घरी आलेय, पण डोकं अजून ऑफिसातच आहे. आपल्या कम्युनिटीत प्रोग्रामिंगवाले बरेच आहेत, म्हणून विचारतेय.

भाईंदर पश्चिमेला माझं आणि पार्टनर जिग्नेशचं छोटं ऑफिस आहे. आम्ही रक्तदाते शोधायची एक साइट चालवतो. तिचा प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणारं टूल आता जुनं झालंय. एक नाव मागितलं तरी ते सगळ्यांची सगळी माहिती उपसत बसतं. नवं टूल घ्यायचं तर निम्मी साइट पुन्हा लिहावी लागेल.

आज दुपारी एका नर्सिंग होममधून फोन आला. "मॅडम, बाळंतिणीला ओ निगेटिव्ह पाहिजे, आणि तुमचं पेज उघडतच नाहीये!"

टूल बाजूला ठेवून मी थेट डेटाबेसमधून दात्यांचे नंबर काढले आणि फोनवरच वाचून दाखवले. त्यातले जवळच्या उत्तन गावचे एक काका लगेच निघाले. संध्याकाळी कळलं, आई आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत.

मी रडलेच. जिग्नेश म्हणाला, "देखा? हो गया ना काम! आता ते टूल बदलायचं खूळ सोड. चालू साइट बिघडली तर?"

त्याचंही चुकत नाही. बदलताना एखादा रक्तगट भलत्याच नावापुढे गेला तर, या विचाराने मलाही धडकी भरते. पण पुढचा फोन येईल तेव्हा मी जागेवर नसले तर?

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतंत?