न मारलेल्या खुंट्या

धोंडूआबा माणसाकडे आधी पाहत नसत. गाडी गॅरेजात शिरली की ते तिच्यासमोर दहा पावलांवर उकिडवे बसत, डावा डोळा मिटत आणि पुढच्या चाकांकडे पाहत राहत. ड्रायव्हर उतरून तक्रार सांगायला तोंड उघडी, तोवर आबा उठून मला म्हणत, "उजवं चाक आत झुकलंय, मिस्तरी. दोन सूत. टायरची आतली कड गेली असंल, बगा." मी वाकून हात फिरवी. कड खरोखरच गुळगुळीत झालेली असे.

लोणावळ्यात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर माझं गॅरेज होतं. चाकांचा झोक मोजायची यंत्रं तेव्हा मुंबईत एखाद-दुसऱ्या मोठ्या कारखान्यात असतील. आमच्याकडे आबांचा ओळंबा होता. फळकुटाला दोरी बांधून ते तो चाकाशेजारी धरत, वरच्या आणि खालच्या कडेपासूनचं अंतर बोटांनी मोजत आणि आकडा सांगत. पुण्याच्या एका गाडीवाल्याने एकदा तो आकडा मुंबईला यंत्रावर तपासून घेतला. परत येताना तो मुद्दाम थांबला आणि आबांना हात जोडून गेला. आबांना त्यात विशेष वाटलं नाही. "चाक खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले, "बगनाऱ्याला येळ पायजे."

ते मूळचे टाकवे बुद्रुकचे सुतार. तीस वर्षं त्यांनी बैलगाड्यांची चाकं केली. गाडीचं चाक सरळ उभं नसतं, वरून किंचित बाहेर झुकलेलं असतं, हे मला त्यांनीच सांगितलं. त्या झोकामुळे ओझं आखाच्या मुळाशी येतं, टोकाच्या खिळीवर येत नाही. "खिळीवर वजन आलं की खीळ जाती. खीळ गेली की चाक जातं. आन् चाक गेल्यावर मानूस ऱ्हातो का जातो, ते नशिबाचं काम." पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि लाकडी चाकांना गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा त्यांच्या जावयाने, शंकरने, त्यांना माझ्याकडे आणलं.

शंकर औंढ्याचा. लोणावळ्यात बंगला असलेल्या मुंबईच्या एका शेठजींकडे तो ड्रायव्हर होता. हसतमुख, गाडीवर जीव असलेला. आबांना मुलगा एक आणि मुलगी एक; मुलगी, हौसा, त्याला दिलेली. जावई-सासऱ्यांचं इतकं जमलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. शंकर दुपारी गाडी धुवायच्या निमित्ताने गॅरेजात येई आणि दोघं एकाच फडक्यातली भाकरी खात. आबा त्याला कधी नावाने हाक मारत नसत. "आमचं पावनं आलं," म्हणत.

शेठजींचा मुलगा विलायतेहून शिकून आला आणि त्याने घरच्या विलायती गाडीत लक्ष घातलं. शर्यतीच्या गाड्या जमिनीला चिकटून धावतात, तशी ही बुटकी करून हवी होती. मी स्प्रिंगचे वेढे कापून ती तीन बोटं खाली बसवली. दिसायला झाली झोकदार, पण महिन्याभरात पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने खाल्ले गेले. त्या गाडीचं पुढचं प्रत्येक चाक एका लांब नळीला धरलेलं असे. नळीत धक्के जिरवायची सोय, नळीभोवती स्प्रिंग, आणि नळीचं डोकं बॉनेटखालच्या पत्र्याला रबराच्या जाड बैठकीने बसवलेलं. गाडी खाली आली तशी चाकांची डोकी आत झुकली होती. शिवाय ते रबरही भेगाळून गेलं होतं. नवीन मिळायची सोय नव्हती.

मी पोलादी बैठका करायचं ठरवलं. मधे बेअरिंग, आणि बोल्टांची भोकं गोल न ठेवता लांबट. बोल्ट सैल करायचे, नळीचं डोकं बाहेर सरकवायचं, चाक ओळंब्याला लागलं की बोल्ट आवळायचे. कल्पना माझी. भोकं मात्र आबांनी कानशीने घासून पाडली, कारण माझ्या हाताने ती इतकी साफ होईनात. चाकं सरळ झाली. आबांनी ओळंबा धरला, दोनदा पाहिलं आणि मान हलवली. पण उठले नाहीत.

"मिस्तरी, हितं खुंट्या मारायला पायजेत. एकेका बैठकीला एक. बैठक आन् खालचा पत्रा, दोनीतनं आरपार."

"कशाला? बोल्ट घट्ट आहेत."

"बोल्ट नुसता दाबून धरतोय. भोक गोल असतं तर त्याला अडवलं असतं. भोक लांबवलं की बोल्टाला पळवाट मिळती."

त्यांचं म्हणणं मला समजलं नव्हतं असं नाही. पण शेठजींचा मुलगा संध्याकाळी गाडी न्यायला माणूस पाठवणार होता. पत्रा आरपार भोसकायचा म्हणजे उद्याची दुपार गेली असती. शिवाय खुंटी मारली की ती बैठक पुन्हा सरकणार नव्हती, आणि हवं तेव्हा झोक बदलता येतो हीच तर माझी करामत होती. मुलाच्या मित्रांना तीच दाखवायची होती.

"खुंटी मारल्यावर पुन्हा सरकवायचं कसं?" मी म्हणालो.

"सरकवायचं कशापायी? एकदा बसलं की बसलं."

"आबा, ही बैलगाडी नाही."

बोललो आणि मलाच ते वाईट लागलं. आबांनी कोपऱ्यातल्या डब्यातून दोन पोलादी खुंट्या काढल्या. जुन्या आखाच्या तुकड्यातून त्यांनी त्या आधीच घासून तयार केल्या होत्या. त्या त्यांनी क्षणभर तळहातावर धरल्या आणि परत डब्यात टाकल्या. "बरं," ते म्हणाले, "गाडी तुमच्या हाताखालची."

संध्याकाळी शंकर गाडी घेऊन गेला. जाताना आबा त्याच्या खिडकीशी वाकून एवढंच म्हणाले, "पावनं, आठ दिसांनी आना परत. बोल्ट बगायचेत."

आठ दिवस पुरे व्हायचे होते. सकाळी दहाच्या सुमारास खंडाळ्याहून एक ट्रकवाला आला आणि शेठजींची गाडी घाटात कठडा तोडून खाली गेल्याचं सांगू लागला. गाडीत शंकर एकटाच होता. रिकामी गाडी मुंबईला पोहोचवायला निघाला होता. आम्ही पोहोचलो तोवर त्याला वर काढून घोंगडीखाली ठेवलेलं होतं. आबा घोंगडीजवळ गेले, तोंडावरचा भाग वर केला, पुन्हा नीट झाकला. मग दगडांना धरून खाली उतरले, गाडीपर्यंत. मी मागोमाग.

बॉनेट उचकटून उघडंच पडलं होतं. आबांनी डाव्या बैठकीवर बोट ठेवलं. "बगा," म्हणाले.

बैठक आत सरकून बोल्ट भोकाच्या बाहेरच्या टोकाला टेकले होते. गाडी आपटताना ते एकदम सरकले असते तर एकच कोरा ओरखडा दिसला असता. इथे टप्प्याटप्प्याने सरकल्याच्या खुणा होत्या आणि पहिल्या खुणांवर धूळ व तेल साचलं होतं. गाडी नेल्या दिवसापासून बैठक प्रत्येक खड्ड्याला केसभर सरकत होती. उरलंसुरलं अंतर ती घाटाच्या वळणावर एका झटक्यात गेली असणार. चाक कलंडलं आणि गाडी दरीकडे ओढली गेली.

पंचनाम्याला फौजदार आले. शेठजींचे दिवाणजीही आले. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं, "ड्रायव्हर प्यालेला असणार, साहेब. ही माणसं सकाळपासूनच सुरू करतात."

तेवढ्यात औंढ्याहून हौसा आली. कडेवर वर्षाची मुलगी. कोणीतरी तिला धरून घोंगडीजवळ बसवलं होतं. ती रडत नव्हती. दिवाणजींचं बोलणं तिच्या कानावर गेलं आणि तिने मान वर केली.

"शंकर दारूला शिवत न्हवता," आबा म्हणाले. आवाज साधा होता. "साहेब, खाली चला. दावतो."

फौजदार उतरले. आबांनी त्यांना भोक दाखवलं, बोल्ट दाखवला, खुणा दाखवल्या. लहान मुलाला समजावं तसं सगळं समजावून सांगितलं. फौजदारांनी वर येऊन वही उघडली. "म्हणजे काम चुकीचं झालं होतं. कोणी केलं हे काम?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. दोष देणारी नजर नव्हती ती. ते वाट पाहत होते. मी बोलेन अशी त्यांची खात्री असावी. माझ्या डोळ्यांसमोर गॅरेजची पाटी आली, घरी दिवस गेलेली बायको आली. मी खाली खडीकडे पाहू लागलो. फौजदारांनी वहीवर पेन्सिल आपटली.

"मी," आबा म्हणाले. "भोकं माज्या हातची हाईत."

हौसाने ते ऐकलं. तिने बापाकडे एकदा पाहिलं, मग मुलीचं तोंड पदरात घेतलं आणि पाठ फिरवून बसली.

वडगावच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला आबा टाकव्याहून चालत जात. वकील देतो म्हणून मी निरोप पाठवला होता, त्याला उत्तर आलं नाही. त्यांनी कबुली फिरवली नाही. शेवटी तीन महिन्यांची साधी कैद झाली. माझी साक्ष निघाली तेव्हा, धोंडू सुतार माझ्याकडे कामाला होता, हे मी सांगितलं. खरंच होतं ते. त्याच्या पुढचं कोणी विचारलं नाही.

सुटल्यावर ते गॅरेजात आले नाहीत. मीच टाकव्याला गेलो. ओसरीवर बसून ते कुळवाची दांडी तासत होते. म्हातारे दिसत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. मला रडू आलं. "आबा, तुम्ही असं का केलंत?" मी विचारलं. "तुम्ही मला बजावलं होतंत."

त्यांचा हात थांबला नाही. "तुमाला दिसत न्हवतं, मिस्तरी. मला दिसत हुतं. दिसत असून मी खुंट्या डब्यात टाकल्या. जावयाच्या हातात गाडी दिली. मग गुन्हा कुनाचा?"

"माझा."

"तुमचा तुमी बगा," ते म्हणाले. "माजा मी बगितला."

चहा आला. पिताना मी विचारलं, "हौसा येते का?"

"न्हाई. मुलगीबी दावत न्हाई. दिवाळीला गेलतो, तर दाराला कडी घातली तिनं." दांडीवरचा भुसा त्यांनी फुंकून टाकला. "बापानं नवरा मारला असं वाटतंय तिला. वाटनारच."

"मी सांगतो तिला. सगळं. उद्याच जातो औंढ्याला."

आबांनी प्रथमच तासणी खाली ठेवली. "सांगा," म्हणाले. "मी न्हाई अडवत."

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्या आठवड्यात बायको बाळंत झाली. मग पावसाळा आला. मग वाटलं, जुनी जखम आहे, आता कशाला. औंढ्याचा रस्ता गॅरेजपासून तासाभराच्या चालीचाही नव्हता. सहा वर्षं गेली. टाकव्यालाही मी पुन्हा गेलो नाही, कारण ते विचारतील अशी भीती होती. खरं तर त्यांनी विचारलं नसतं.

मार्गशीर्षात त्यांचा मुलगा किसन गॅरेजच्या दारात उभा राहिला. डोकं भादरलेलं. "आबा गेले," तो म्हणाला. "उद्या दहावं हाय. हौसाला निरोप धाडलाय, पर ती येनार न्हाई."

मी जीप काढली आणि तडक औंढ्याला गेलो. हौसा खळ्यावर भात झोडत होती. आठ वर्षांची मुलगी पेंढ्या उचलून देत होती. मला पाहून हौसाने हातातली पेंढी खाली ठेवली, पदर डोक्यावरून घेतला. "या भाऊ," म्हणाली. "आबांचं कळलंय मला. मी न्हाई येनार. तुमी सांगूनबी न्हाई येनार."

मग मी तिला सांगितलं. बैठक कोणाची कल्पना होती, खुंट्या कोणी घासून ठेवल्या होत्या, त्या कोणी मारू दिल्या नाहीत, आणि फौजदारांनी विचारलं तेव्हा कोण गप्प बसलं. उभ्यानेच सांगितलं. मुलीच्या पायाखालचा पेंढा वाजत होता.

"हे सगळं ठावं असून आबा गप ऱ्हायले?" तिने विचारलं.

"हो."

"आन् मी दारं लावून घेत हुते, हे तुमाला ठावं हुतं?"

"हो."

ती खळ्याच्या कडेला गेली. कळशीतल्या पाण्याने हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. मग घरात जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आली आणि मुलीचा हात धरला. टाकवं लांब. लोणावळ्यापर्यंत चालत, तिथून कान्ह्यापर्यंत रेल्वे, पुढे परत पायी.

"मी सोडतो, चल," मी जीपचं दार उघडलं. "दिवस मावळायच्या आत पोचशील."

तिने जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. राग असता तर मला सोसला असता.

"तुमच्या गाडीत न्हाई बसायची, मिस्तरी," ती म्हणाली, आणि मुलीला घेऊन बांधावरून चालू लागली.