मुतखडा माझा, औषधं गावाची

मुतखडा झालेल्या माणसाला कुणी 'बसा' म्हणत नाही, आधी औषध सांगतात! मी देवळाली प्रवराजवळच्या एका शाळेत शिकवते. बरीच वर्षं माझे खडे पडायचे, पुन्हा व्हायचे. आता वाटतं, पोटात खडे कमी आणि किस्सेच जास्त साठले होते.

*

आमचे पीटीचे गागरे सर. "मॅडम, गोळ्या कशाला खाता? दोरीवरच्या उड्या मारा. खडा आपोआप खाली!"

दुखण्याला वैतागलेलं माणूस काहीही करतं. अंगणात पदर खोचून मी उड्या मारल्या. खडा होता तिथेच राहिला, पाय मात्र मुरगळला. दुसऱ्या दिवशी लंगडत स्टाफरूममध्ये शिरले, तर सर खूश!

"बघा, काहीतरी हललं ना!"

*

हेडसर फार सभ्य. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, ते बार्लीचं पाणी घेऊन बघा. म्हणजे ते... फेस येणारं."

आमचे हे पक्के निर्व्यसनी. तरी बायकोसाठी तोंडाला रुमाल बांधून गेले आणि काळ्या पिशवीतून बीअर आणली. मी एक घोट घेतला. कडूजहर! बेसिनमध्ये ओतायला निघाले, तर म्हणाले, "औषध आहे ते, वाया कशाला घालवायचं?" आणि बाटली संपवली.

तेव्हापासून दर रविवारी प्रेमाने विचारतात, "आज दुखत नाही का गं?"

*

एकदा दुसरीच्या वर्गात कविता म्हणून घेत होते. "मी म्हणेन तसं मागून म्हणायचं हं!" आणि कंबरेतून अशी कळ आली की टेबल धरून मी खालीच बसले.

"आई गं!"

अख्खा वर्ग: "आई गं!"

"अरे, मेले!"

"अरे, मेले!" तेही चालीवर!

शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात आल्या. "किती छान पाठ झालंय हो!"

*

मग नगरला सोनोग्राफी. बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायचं आणि रोखून धरायचं. नर्स दर थोड्या वेळाने भरल्या हॉलमध्ये ओरडायची, "मॅडम, प्रेशर आलं का?" मी मान खाली घालून बसलेली. तेवढ्यात माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील उठले.

"ओ सिस्टर, आमच्या बाईंचा नंबर आधी घ्या की! त्यांना लई जोरात आलीया!"

*

रिपोर्ट बघून डॉक्टर हसले नाहीत. "खडा नळीत अडकलाय, किडनी सुजलीय. आता काढे-बिढे बंद. आणखी थांबलात तर किडनी गमवाल." बाहेर बाकावर बसून मी रडले. हे शेजारी माझा हात धरून बसले.

ऑपरेशन दुर्बिणीतून, लेझरने. कंबरेखाली बधिर, पण मी पूर्ण जागी. डॉक्टरांनी स्क्रीनवर खडा दाखवला. मी जीव मुठीत धरून बघतेय, आणि भूल देणारे डॉक्टर उशाशी वाकून म्हणतात, "तुम्ही टीचर ना? आमच्या मुलाचं गणित फार कच्चं आहे हो. काय करावं?"

"आधी माझं उरका, सर!"

*

ऑपरेशनच्या वेळी आत ठेवलेली प्लास्टिकची नळीही काही दिवसांनी निघाली आणि एका दुपारी मी सहज कुशीवर वळले. काहीच दुखलं नाही! पुन्हा वळून बघितलं. डोळ्यांत पाणीच आलं.

ऑपरेशनला सासूबाईंचा पहिल्यापासून विरोध. त्या रोज सकाळी समोर उभ्या राहून मला पानफुटीची आंबट पानं चावून खायला लावायच्या. त्यांना विचारल्याशिवाय ऑपरेशन ठरवलं म्हणून माझ्याशी बोलणंही बंद होतं.

डॉक्टरांनी खड्याचा चुरा छोट्या बाटलीत घालून दिला होता. ती बाटली सासूबाईंनी ताब्यात घेतली. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईपुढे ती उजेडात धरायच्या.

"येवढा मोठा धोंडा हुता बाई! माज्या पानफुटीनं त्याचा पार भुगा केला. डॉक्टरनं काय केलं? निस्ता झाडून काढला!"