एका दिवसात तीनदा तागडीत

माझं वजन एका दिवसात तीन देवळांत तीनदा झालं. चौथ्यांदाही व्हायचं होतं, पण ते मी होऊ दिलं नाही. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि अंगावर हाडं तेवढी उरली होती. हिवताप दर पंधरवड्याला यायचा, चार दिवस मुक्काम करायचा आणि जाताना माझ्यातलं काहीतरी घेऊन जायचा.

आमचं घर बारामतीच्या बाहेर, कालव्याच्या कडेला. कालव्याचं पाणी होतं म्हणून वांगी होती, मिरच्या होत्या, थोडा ऊसही होता. आणि डासही होते, पण त्यांच्याकडं कोण बघतो? आमच्याकडं ताप आला की कुठल्या तरी देवाचं काहीतरी राहिलंय, असंच समजायची रीत होती.

त्या श्रावणात मी आणि माझा धाकटा भाऊ एकदमच तापानं पडलो. तो पाच वर्षांचा. आठव्या दिवशी तो गेला. मी राहिले. राहिले म्हणजे मेले नाही एवढंच. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी ताप काही मला सोडेना.

वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच असायची. घरात शेवटचा शब्द तिचाच. एका सकाळी ती आईला म्हणाली, "लेकरं पडली तवा तू कुणाला काय बोलली हुतीस का गं?"

आई भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, तेव्हा कुठं बोलली. "बोलले हुते. भाराचा गूळ."

"मग फेडला का न्हाईस? कुठल्या देवाला बोलली हुतीस?"

"आठवत न्हाय," आई म्हणाली.

भाराचा गूळ म्हणजे तागडीच्या एका पारड्यात लेकरू बसवायचं, दुसऱ्यात गूळ घालायचा, आणि काटा सरळ झाला की तेवढा गूळ देवापुढं ठेवून लोकांत वाटायचा. नवस तसा मोठा. पण देवच विसरलेली बाई आत्यानं जन्मात पाहिली नव्हती. तिनं आईला फैलावर घेतलं. देवांची नावं घेऊन घेऊन विचारलं, आणि आई प्रत्येक नावाला "आसंल" म्हणत राहिली. शेवटी आत्यानंच निकाल दिला, की आईच्या तोंडात ज्यांची नावं असतात त्या सगळ्यांकडं जायचं. ज्याचं असेल त्याला पोचेल.

वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. स्वभावानं गरीब माणूस, बहिणीपुढं आणखीच गरीब. प्रत्येक देवाला वेगळा गूळ कुठून आणायचा, म्हणून त्यांनी तोड काढली. गूळ एकच न्यायचा. दरेक देवापुढं मला तोलायचं, थोडा गूळ तिथं ठेवायचा, थोडा वाटायचा, आणि उरलेला पोत्यात भरून पुढच्या देवाकडं न्यायचा. त्यांनी पेठेतल्या मापाड्याकडून मोठी तागडी मागून आणली आणि एक अख्खी ढेप फोडून तिचे खडे पोत्यात भरले.

पहिला देव कऱ्हेकाठचा महादेव. आम्ही पोचलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. दगड इतका गार होता की पाय टेकवत नव्हता. तात्यांनी मंडपाच्या कडीला तागडी अडकवली आणि मला उचलून पारड्यात ठेवलं. गुडघे हनुवटीला लावून बसावं लागायचं. साखळ्या कानाला घासायच्या. आत्या खडे टाकायची, काढायची, पुन्हा टाकायची. आई खांबाला टेकून बघत होती.

काटा जुळला. तात्यांनी दोन खडे देवापुढं ठेवले, मूठभर वाटले आणि बाकीचे पोत्यात भरायला लागले, तेव्हा गुरव म्हणाला, "तात्या, ह्यो गूळ देवाला हाय का नुसता दावायला आणलाय?"

"म्हाराज, कुणाचं देणं हाय त्येच ठावं न्हाय," तात्या म्हणाले. "ज्येचं आसंल त्यो घील वळखून."

गुरवाला हसू आलं. तात्यांना आलं नाही. ते खरंच तसं समजून चालले होते.

मग इंदापूरकडं जाणारी सर्व्हिस मोटार. तागडी आणि पोतं टपावर गेलं, आम्ही आत. मोटारीत मला नेहमीच मळमळायचं, आणि त्या दिवशी तर पोटात काही नव्हतं. निमगाव केतकीला उतरलो, तिथून देवीपर्यंत चालत. आत्या पुढं, तात्या पाठीवर पोतं घेऊन मध्ये, आणि आई माझा हात धरून मागं. आई फार सावकाश चालत होती. मला वाटलं, माझ्यासाठी. मी म्हणाले, मला येतंय चालता, तरी तिनं पाय उचलला नाही.

देवीपुढं बायका जमल्या. तोलायचा प्रकार बघायला गर्दी होतेच. माझ्यासमोर उभं राहूनच एक म्हणाली, "लई हलकं हाय गं लेकरू." दुसरी म्हणाली, "पाण्यात भिजलेलं कोंबडीचं पिल्लू जनू." आत्याला मात्र भलतीच काळजी. सकाळपेक्षा एक खडा कमी लागला होता. "बघ, चार तासांत उतरली पोर," असं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. तात्या म्हणाले, तागडी तिरकी बसलीय. मला एवढंच कळत होतं, की पारड्यातून उतरायला मिळालं तर बरं.

पुढची मोटार लवकर येईना. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसलो. गुळाच्या पोत्याला माश्या लागल्या, नंतर मुंगळे. आत्या पदरानं वारत होती. देवाला जाताना माणसं आनंदात असतात, असं मी ऐकलं होतं. आमच्यातल्या कुणाच्याच तोंडावर तो नव्हता.

इंदापुरात मारुती. पुजारी जेवून आडवा झालेला, त्याला उठवावं लागलं, म्हणून तो आधीच घुश्शात. समोरच्या पिंपळाच्या फांदीला तागडी बांधली. ऊन पाठीवर आलं होतं, पारडं हलकं हलकं हलत होतं, आणि मला तिथंच झोप लागली. काटा कधी जुळला, गूळ कधी वाटला, काही माहीत नाही. जाग आली तेव्हा तात्यांच्या खांद्यावर होते.

जेवायला कचेरीच्या मागच्या खानावळीत गेलो. कोर्टकज्जाला आलेली माणसं तिथं जेवायची. पुढच्या पडवीत पुरुषांची पंगत. बायका क्वचितच यायच्या, त्यांना आत, चुलीपाशी बसवायचे. तात्या पडवीत बसले, आम्ही तिघी आत. खानावळ चालवणारी बाई उंच, जाड आवाजाची. भाकरी, वांग्याचं कालवण, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. मी दोन घास खाल्ले आणि पुढचा घास हातातच राहिला. तिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"कुठं निघालाय लेकराला घेऊन?"

आत्याला कुणी विचारायचीच खोटी. तिनं सगळं सांगितलं: नवस, गूळ, विसरलेला देव, झालेली देवळं. ती बाई भाकरी थापता थापता ऐकत होती. सांगून झालं तेव्हा तिनं आईकडं पाहिलं.

"म्या बी दोन लेकरं घालवली," ती म्हणाली. "कुठल्या देवापुढं काय बोलले, शबूद न् शबूद सांगते आजून. नवसाचा देव कुणी इसरत न्हाय, बाई."

आईनं ताट पुढं सारलं आणि हात धुवायला उठली. आत्या ताक पीत होती, तिच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. लहानपणापासून मला नको तिथं तोंड उघडायची खोड आहे, ती आजतागायत गेलेली नाही. परतीच्या मोटारीत मी तात्यांच्या मांडीवर होते. आई मागच्या बाकावर होती. मी तात्यांना म्हणाले, "ती खानावळवाली म्हनली, नवसाचा देव कुणी इसरत न्हाय."

तात्यांनी मान वळवून मागं बघितलं. आई खिडकीतून बाहेर बघत होती. मग बारामती येईपर्यंत ते नुसते रस्त्याकडं बघत बसले.

आमच्या वस्तीच्या फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस कलला होता. घराकडं जाणारी वाट कालव्याच्या कडेनं जाते. तिथं उंबराखाली साती आसरांचं ठाणं होतं. देऊळ कसलं, नुसते शेंदूर लावलेले सात दगड. पाण्यातल्या बाया त्या, पाण्याला जाणाऱ्या बायका तिथं हळदकुंकू वाहायच्या. सकाळपासून कुणी त्यांचं नावही काढलं नव्हतं. आई पाणी भरायला रोज त्याच वाटेनं जायची, पण त्या दिवशी ती उंबर टाळून पलीकडच्या बांधानं निघाली.

तात्यांनी खांद्यावरचं पोतं खाली टाकलं.

"हितं बोलली हुतीस व्हय?" त्यांनी विचारलं.

आई थांबली.

"अगं बया!" आत्या म्हणाली. "मंग दिसभर आमाला कशाला फिरवलंस? बांध तात्या तागडी. आन् पोरीला हिकडं."

तात्यांनी उंबराला तागडी बांधायला घेतली. आत्यानं मला दंडाला धरून पुढं ओढलं. तेव्हा आई म्हणाली, "हिच्यासाठी न्हाय बोलले मी."

कुणाला काही उमजलं नाही. आईनं पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्यानं. "दोगं बी पडली हुती. मी पान्याला आले हुते. म्हनलं, माझ्या लेकाला ठेवा. त्येच्या भाराचा गूळ वाहीन."

"आन् पोरीचं?" तात्यांनी विचारलं.

"तिचं नाव न्हाय घेतलं."

"अगं, दोगांसाठी बोलायचंस की!" आत्या ओरडली.

"दोन मागितली तर एक बी द्यायच्या न्हाईत, आसं वाटलं मला," आई म्हणाली. मग ती तिथंच वाटेवर बसली. "ज्येच्यासाठी बोलले त्योच गेला. आता कुनाच्या भाराचा वाहू? तुमी इचारलं, बोलली हुतीस का, म्हनून व्हय म्हनाले. पुढचं सांगायला जीभ उचलली न्हाय."

सकाळपासूनचा सगळा शीण त्या एका क्षणी माझ्या अंगात आला, असं मला आठवतं. मला राग आला. आईचा यायला हवा होता, पण तो आला भावाचा. तो मरूनसुद्धा माझ्यापुढं होता. आणि मेलेल्या भावाचा राग येतोय म्हणून मला माझीच शरम वाटली. नऊ वर्षांच्या पोरीला हे एवढं सगळं एकदम कळतं का, असं मला माझीच मुलं विचारतात. कळतं. सांगता येत नाही, एवढंच.

तात्या तागडीची दोरी हातात धरून उभे होते. ते रागावतील असं मला वाटलं होतं. पण ते आईजवळ जाऊन खाली बसले आणि हळूच म्हणाले, "मग आता बोल की हिच्यासाठी. हाय तितंच हायती त्या."

आईनं डोळे पुसले, माझ्याकडं हात केला. "ये बाय, बैस पारड्यात. आता तुझा बोलते."

"मला न्हाय बसायचं," मी म्हणाले.

आत्यानं धमकावलं, तात्यांनी चुचकारलं. मी उंबराच्या मुळीला धरून बसले ती बसलेच. शेवटी तात्यांनी तागडी सोडली. गूळ तसाच घरी आला आणि माघ संपेपर्यंत घरात पुरला. मी तो खाल्ला नाही. का खात नाहीस, असं आईनं एकदाही विचारलं नाही. ती माझी भाकरी बिनगुळाची वाढायची.

फाल्गुनात तात्यांनी मला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कोयनेलच्या गोळ्या दिल्या, कडू जहर. त्यांनी ताप गेला. आत्या अर्थातच म्हणायची, की तिन्ही देवांपैकी कुणीतरी पावला. पुढं आईनं माझं सगळं केलं, कुठं कमी पडू दिलं नाही. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं मला आता वाटतं. पण तेव्हा ती होती आणि मला वाटत नव्हतं.

पुढं मला तीन मुलं झाली. एका पावसाळ्यात त्यातली दोन एकदम तापानं पडली. डॉक्टर येऊन गेले होते, औषध दिलं होतं, तरी दुपारी थोरल्याचा ताप चढतच गेला आणि धाकटी बरळायला लागली. मी उठून देवापुढं जाऊन उभी राहिले. हात जोडले. सासूबाई मागून म्हणाल्या, "बोल काहीतरी, नवस बोल."

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माघारी आले आणि दोघांच्या मध्ये बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलायला लागले. आधी कुणाचं नाव बाहेर पडेल, याचा मला भरवसा नव्हता.