गाडीच्या बिछान्याखाली

सगळी नोकरी मी पाणी न पिता केली. कृषी खात्यात होते, बियाण्यांच्या दुकानांची तपासणी हे माझं काम. बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यांत फिरतीवर असलेल्या बाईने लघवीला कुठे जायचं, याचा विचार खात्यात कुणी केलेला मला आठवत नाही. निघताना दोन घोट घ्यायचे, आणि घरी परतल्यावर तांब्या तोंडाला लावायचा. म्हणून निवृत्त झाले तेव्हा एकच हौस मनाशी होती: आता फिरायचं, पण आपला संडास बरोबर घेऊन.

माझ्या नवऱ्याची अडचण वेगळी. ते शाळेत शिक्षक होते. गावासारखी मीही त्यांना सरच म्हणते. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांना फार वेळ बसवत नाही, मधूनमधून पाठ टेकावी लागते. आम्ही बौद्ध. सांची, सारनाथ, बोधगया बघायचं दोघांच्या मनात कधीपासून होतं, आणि बसच्या किंवा रेल्वेच्या तालावर ते जमणारं नव्हतं. आडवं व्हायची जागा आणि संडास असलेली गाडी हवी होती. नवी परवडणारी नव्हती, म्हणून कुणीतरी बनवून वापरलेली शोधायची, आणि चालवायची मी.

सरांचा माणसांवर पटकन विश्वास बसतो. माझा बसत नाही. बोंडअळी न लागणारी बीटी कपाशी आमच्याकडे आली आणि तिच्यामागून नकली बीटीही आली, त्या काळात मी दुकानं तपासली. कधी पाकीट खरं आणि आतलं बी खोटं, कधी दोन्ही खरी आणि पाकिटावरची तारीख खोटी. बी न उगवलेल्या शेतातली मूठभर माती रुमालात बांधून माणसं ऑफिसात यायची आणि ती माझ्या टेबलावर सोडायची. त्या वर्षांनी मला असं करून ठेवलं, की कुणी गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप नमुन्याच्या पिशवीकडे जायचा.

पहिली गाडी खामगावला बघितली. नवा रंग, नवे पडदे, आत उदबत्तीचा वास. सर बिछान्यावर आडवे होऊन म्हणाले, "छान आहे गं!" मी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. आतल्या घडीत गाळ सुकून बसला होता. गाडी कुठल्या तरी पुरात बुडून निघालेली होती. विकणाऱ्याने हसून विषय बदलला आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या गाडीची जाहिरात सरांना मोबाइलवर सापडली. अमडापूरच्या पुढे एका गावात, जुन्या प्रवासी मिनीबसची केलेली गाडी. आम्ही पोचलो, फाटक उघडलं, आणि समोरच्या माणसाला बघून मी जागीच थांबले. गावातल्या बियाण्यांच्या दुकानाचा तो मालक. पूर्वी त्याच्याकडे साध्या कपाशीचं बी बीटीच्या पाकिटात सापडलं होतं, आणि त्याच्या दुकानाला सील मीच लावलं होतं. परवाना गेला, मग काही काळाने परत मिळाला, तसा तो मिळतच असतो.

त्यानेही मला ओळखलं. "मॅडम, तुमी?"

"गाडी बघायला आलो."

"फक्त गाडीच न?"

"फक्त गाडी. मी रिटायर झाले आता."

त्याला ते खरं वाटलं नाही. आणि त्याने इतक्या अदबीने खुर्च्या मांडल्या, की मला त्याचंही खरं वाटलं नाही.

गाडी बाहेरून साधीच होती. आत मागच्या बाजूला लांबरुंद बिछाना, त्याच्याखाली खोके, एका कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि पत्र्याच्या आडोशाआड खुर्चीसारखा संडास. "आमच्या घरच्यांचे गुडघे दुखते," तो सांगू लागला, "अन् तिले नाशिककडच्या वणीच्या देवीचं लय. दर साली जातो. तिच्यासाठीच बनवली मी हे."

सर लगेच विरघळले. बायकोसाठी एवढं करणारा माणूस! मी कागद पाहिले, इंजिनचा आणि चेसिसचा नंबर ताडून घेतला. जुळले. टपावर बादलीभर पाणी ओतायला लावलं. आत थेंब नाही. इंजिन पहिल्या चावीला लागलं. जसजसं सगळं ठीक निघत होतं तसतशी माझी अस्वस्थता वाढत होती. त्या माणसाकडे सगळं ठीक कधीच नसायचं.

"तू गाडी बघतेस का पंचनामा करतेस?" सर माझ्या कानाशी पुटपुटले.

मग मी संडासाचं झाकण उचललं. सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. शेगडीचा बर्नरही कोरा, त्यावर कधी चहासुद्धा झालेला नाही. आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर मात्र झिजून खालचा पत्रा दिसत होता. गाडी खूप चालली होती, पण तिच्यात कुणी राहिलं नव्हतं.

मी बाहेरून बिछान्याची उंची वितीने मोजली, आणि खोक्याचं झाकण उघडून आतली खोली. दोन्हींत चांगलाच फरक होता. खोक्याच्या तळाखाली आणखी जागा होती.

एवढ्यात दुकानावरून हाक आली आणि तो नाइलाजाने गेला. जाताना बायकोला म्हणाला, "चहा दे त्यायले," आणि माझ्याकडे वळून वळून बघत फाटकाबाहेर पडला.

त्याची बायको माझ्याच वयाची असेल. कप हातात देऊन ती गाडीच्या दारातच उभी राहिली. मी विचारलं, "वणीला जाता म्हणे दर वर्षी?"

तिने फाटकाकडे एकदा बघून घेतलं. मग आत आली आणि बिछान्यावर टेकली.

"देवी म्यां एकडाव बी नाई पाह्यली, ताई. मले हे समोर बसवत. मांडीवर ओटीचं ताट, त्याच्यात नारळ. नाक्यावर इचारलं का म्हनाचं, देवीहून येऊन राह्यलो. म्हातारी बाई हाय, गुडघे धरून बसली हाय, तं गाडी कोनी उघडत नाई. नारळ बी तोच. सालभर तोच नारळ."

"आणि खाली काय असायचं?"

तिने बिछान्यावर तळहात ठेवला. "तुमाले कळलंच हाय न."

सरांनी खोक्याच्या तळाची फळी पेचकसाने उचलली. आतून जो वास आला तो मी झोपेतही ओळखला असता. बियाण्याला चोळलेल्या औषधाचा. सांदीत लालसर रंगाच्या सरक्या अडकल्या होत्या. आमच्याकडे त्याला चोरबीटी म्हणतात. तणनाशक फवारलं तरी न मरणारी कपाशी, तिला सरकारची परवानगी नाही, म्हणून तिचं बी राज्याबाहेरून चोरून येतं. निंदायला मजूर मिळत नाहीत म्हणून लोक ती शोधत फिरतात, आणि उगवलं नाही तर पावती नसल्याने कुठे दादही मागता येत नाही.

"न उगवलं का लोकं इथं येते," ती म्हणाली. "हे मांगच्या दारानं निंगून जाते. समोर मी. त्यायच्या बायका बी येते. काय सांगाचं त्यायले?"

मी त्या पत्र्याच्या आडोशाकडे बोट दाखवलं. "आणि हे कधी वापरलं नाही?"

"वापरू नाई देल्लं. खाली माल हाय, पानी सांडलं तं माल खराब होते म्हने. गाडी बी थांबवाची नाई. मंग मी पानीच नाई प्याली. जातानी नाई, येतानी नाई."

मी त्या सरक्या रुमालात बांधल्या. ती बघत होती. तिने अडवलं नाही.

"मग गाडी विकतात कशाला?" सरांनी विचारलं.

"नाक्यावरचे वळखाले लागले हिले. दुसरी पाहून राह्यले."

परतीच्या वाटेवर सर तिच्या गुडघ्यांबद्दलच बोलत होते. मी मात्र वेगळ्याच विचारात होते. ही बाई एवढं सगळं मलाच का सांगते? ज्या माणसाच्या दुकानाला मी सील लावलं, त्याचीच ही बायको. कदाचित त्यानेच पढवलं असेल. मी तक्रार करावी, ती खोटी ठरावी आणि माझी शोभा व्हावी. सर म्हणाले, "तिच्या गुडघ्यांवरसुद्धा तुझा विश्वास नाही का?" खरं सांगायचं तर त्या दिवशी नव्हता.

तरी दुसऱ्या दिवशी रुमाल घेऊन मी ऑफिसात गेले. माझ्या जागेवर आलेल्या अधिकाऱ्याने चिमटीत सरकी धरून पाहिली आणि ठेवून दिली. "मॅडम, आता कोणाकोणाला पकडायचं?" तरी त्याने माणसं पाठवली. दुकानात काहीच सापडलं नाही. फरशीसुद्धा धुतलेली होती. आधी निरोप पोचला असणार. तो कुठून पोचला याचा विचार करताना मला त्या ऑफिसातला प्रत्येक ओळखीचा चेहरा आठवला, आणि चांगलं वाटलं नाही.

आता गाडीचा विषय संपला असं मी धरून चालले होते, तर त्या बाईचा फोन आला. ती अगदी हळू बोलत होती. "ताई, गाडी तुमीच न्या. अन् मले एकडाव खरंच वणीले न्या. यायले म्यां सांगतलं हाय. हाव म्हनले."

तो हो म्हणाला, हेच मला पटेना. सर मात्र हट्टाला पेटले. "गाडीने काय गुन्हा केलाय? आणि तळाची ती जागा पाण्याच्या टाकीला उत्तम आहे." तेवढं मात्र खरं होतं. तशी गाडी आम्हाला दुसरीकडे मिळालीही नसती.

आम्ही पुन्हा गेलो. चोरखणाची फळी आमच्यासमोर काढून फोडायची आणि आतून गाडी धुऊन द्यायची, अशी माझी अट होती. त्याने ती स्वतः कुऱ्हाडीने फोडली. घाम पुसत म्हणाला, "मान्सं तुमीच धाडले होते न, मॅडम?"

"हो. मीच."

"मंग गाडी काऊन घेऊन राह्यले?"

"गाडी चांगली आहे म्हणून."

तो विचित्र हसला. त्या हसण्याचा अर्थ मी कित्येक दिवस लावत होते. टाकी बसवताना मी मेकॅनिकला गाडीचा कोपरा न् कोपरा उघडायला लावला. काही निघालं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी, पेरण्यांच्या आधी, आम्ही निघालो. ती मोठी बॅग घेऊन आली. यात्रेच्या मानाने बॅग फार जड होती, आणि नवऱ्याने ती स्वतः गाडीत चढवून दिली. माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. आम्हाला पुढे करून हा माणूस काही पाठवतोय का? वाटेत चहाला थांबलो, ती संडासात गेली, तेवढ्यात मी बॅगेची चेन उघडली. साड्या, स्वेटर, गोधडी, गुडघ्यांचं तेल, औषधं. तळापर्यंत हात घातला. बी नव्हतं. उन्हाळ्यात स्वेटर कशाला, एवढं मनात आलं आणि मी चेन लावून टाकली. ती बाहेर आली ती हसतच. "लय बरं हाय हो हे," म्हणाली आणि तिने माझ्या बाटलीतलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

वणीला ती एकटीच, ट्रॉलीत बसून, वर गेली. मला देवीचं काही नाही, आणि सरांना पाठ टेकायची होती. आम्ही खाली गाडीत थांबलो. ऊन कलायला लागलं तरी तिचा पत्ता नाही. मी चार वेळा खाली उतरून रस्ता बघून आले. शेवटी ती आली, कुणा अनोळखी बायकांबरोबर गप्पा मारत, कपाळभर कुंकू लावून. गाडीत बसली आणि म्हणाली, "ताई, आता मले नाशिकले लेकीकडं सोडा. मी इतक्यात गावाले नाई येत."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"नाई."

सर उठून बसले. मला तो स्वेटर आठवला. ज्या बॅगेत मी बी शोधलं होतं, त्या बॅगेत तिने अख्खा पावसाळा भरून आणला होता.

"मी समोर बसली नाई तं त्यायची नवी गाडी नाक्यावर थांबन," ती म्हणाली. "दुसऱ्या कोन्या बाईले बसवाची हिंमत नाई त्यायची. पेरनी होऊ द्या. मंग पाहू."

आम्ही तिला लेकीच्या दारात सोडलं. लेक आमच्याकडे संशयाने बघत होती; मला ते बरोबरच वाटलं. बिछान्यावर आडवे होता होता सर म्हणाले, "आता फोन येईल." आलाच.

"मॅडम, माही बाई कुठी हाय?"

"लेकीकडे. खुशाल आहे."

"तुमीच शिकवलं तिले!"

"नाही," मी म्हणाले. "मला तर तिने शेवटपर्यंत कळू दिलं नाही."

त्याला ते खरं वाटलं नाही. फोन आपटल्याचा आवाज आला.

ती पेरण्या आटोपल्यावर, पोळ्याच्या सुमारास परत गेली. त्या हंगामात चोरबीटी आणायला तो गेला नाही, असं ती म्हणते. दुकानात काय विकलं गेलं ते मला माहीत नाही, आणि त्याच्या शब्दावर मी आजही जाणार नाही. तिचा मात्र अधूनमधून फोन येतो. दिवाळीनंतर आम्ही सांचीला गेलो तेव्हा स्तूप कसा आहे ते तिने सगळं विचारून घेतलं, आणि मग म्हणाली, "पुढच्या डावाले कुठी जाता, ते मले आधी सांगजा."

मी सांगते म्हणाले. सरांनी विचारलं, "आता ती कशासाठी विचारते?" एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून असा प्रश्न आला.

"फिरायला यायचं असेल," मी म्हणाले.