डब्यातलं कोंबडीचं तेल

रविवारी कोंबडी भाजायचं काम आमच्याकडे नवऱ्याचं होतं. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये त्यांनी एक छोटा ओव्हन आणला होता. दही, लसूण, तिखट चोळलेली अख्खी कोंबडी ते जाळीवर ठेवायचे आणि तिची चरबी मसाल्यासकट खालच्या ट्रेमध्ये गळत राहायची. सुरुवातीला ते सगळं मी सरळ सिंकमध्ये ओतायची. एकदा पाइप तुंबला. त्यांनी खाली बसून तो खोलला, आतून मेणासारखे पांढरे गोळे काढले आणि म्हणाले, "आजपासून हे काम माझं. तू हात लावू नको."

तेव्हापासून ट्रेमधलं तेल कोमट झालं की ते चहाच्या गाळणीने गाळून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरायचे आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवायचे. सोमवारी सकाळी त्यातलं चमचाभर कढईत टाकून रात्रीचा भात परतायचे, खायचे आणि फॅक्टरीची बस पकडायला निघायचे.

अशाच एका सोमवारी ते थांब्यावर खाली बसले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

तेरवी झाली, पाहुणे गेले. सासूबाई तेवढ्या थांबल्या. त्यांचं घर आंबागडकडे, धानाच्या शेतीवर चाललेलं. मला त्या दिवसांत काही वाटतच नव्हतं. कोणी विचारलं की उत्तर द्यायची, कागद पुढे आला की सही करायची. क्वार्टर सोडायचं होतं म्हणून एका दुपारी मी फ्रीज रिकामा करायला घेतला, तर मागे तो डबा सापडला. वर पिवळट थर, खाली गोठलेला मसाला. थरावर चमचा फिरल्याची खूण तशीच होती.

"तूप होय का वो?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, कोंबडीचं तेल होय. ह्यांनी ठेवलं होतं. फेकून देते."

मी उठले. त्यांनी माझा हात धरला. "काहून फेकून राहिली? त्याच्या हातचं होय ना ते. इकडे दे."

मुलगा गेल्यापासून त्या दोन घासांपलीकडे जेवल्या नव्हत्या. त्यांनीच गॅस पेटवला. चमचा नाही, सगळा डबा कढईत उपडा केला. तेल वितळलं, लसणाचा वास घरभर झाला. त्यांनी त्यात सकाळचा भात टाकला, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, पेरला आणि दोन ताटल्या वाढल्या.

त्या पोटभर जेवल्या. जेवता जेवता रडल्या, पदराने तोंड पुसून पुन्हा जेवल्या. मी पण जेवले. भात खारट होता, थोडा तिखट. आणखी काही आठवावं म्हणून मी सावकाश चावत होते, पण काही आठवलं नाही.

"मी कवापासून पाहून राहिली," त्या म्हणाल्या. "तू रडून नाही राहिली. रड वो बाई थोडीशी."

"हो आई," मी म्हटलं.

मग ताटल्या उचलल्या आणि कढई घासायला घेतली. फार तेलकट झाली होती. गरम पाणी करून दोनदा घासावी लागली.